बांगडीएवढं आकाश

पद्माकर टिपणीसांना आमच्या सोसायटीत घाईत असलेलं कुणीच पाहिलेलं नाही. माणसाची सगळी हयात सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात गेली. तिथे टाचण्या घ्यायच्या तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा, तो साहेबांपुढे ठेवायचा, आणि साहेबांनी शेरा मारला की पुन्हा पहिल्यापासून. निवृत्त झाल्यावर साहेब सुटले, खोड राहिली. दिल्लीत मयूर विहारच्या बाजारात दुधी आणायला गेले की तीन ठेल्यांवर भाव विचारून, तिन्हीकडचे दुधी नखाने टोचून, रिकाम्या पिशवीने परत यायचे. त्यांची बायको प्रभा म्हणायची, "आमच्याकडे भाजीचंसुद्धा टेंडर निघतं गं."

मी, विनया, त्यांच्या समोरच्या दारात राहते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांपासूनची आमची ओळख. तिथून उठून दोन्ही घरांनी इथे एकाच मजल्यावर फ्लॅट घेतले. प्रभा माझी मैत्रीण, आणि पद्माकरराव मैत्रिणीबरोबर आले म्हणून सोसले. मी तापट, ते थंड, त्यामुळे आमचं भांडण कधी संपलंच नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडलेली दिसेन. चिडलेली आहेच. पण ह्या माणसासाठी मी जेवढी रडले तेवढी सख्ख्या भावासाठीही रडले नसेन.

प्रभा शाळेत गणित शिकवायची. खोटं बोलणं तिला जमतच नसे, अगदी रीतीभातीचं खोटंसुद्धा. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी नवी साडी नेसून आली की बाकीच्या "बिल्कुल मस्त!" म्हणायच्या आणि ही शांतपणे, "हा रंग तुला खुलत नाही." माझ्या श्रीखंडाला तिने माझ्याच पाहुण्यांसमोर आंबट म्हटलं होतं. मी चार दिवस बोलले नाही. श्रीखंड आंबटच होतं.

त्यांच्या लग्नातली गोष्ट तर दर वर्षी निघायची. लग्न साताऱ्याला, मुहूर्त भर दुपारचा. सप्तपदी झाली की नवऱ्याने नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची असते. आता भर दुपारी, मांडवाखाली, कुठले तारे? भटजी बोट वर करतात, "दिसली म्हणा" म्हणतात, नवरी मान खाली घालून "दिसली" म्हणते आणि सगळे जेवायला पळतात. प्रभाने मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाली, "मला मांडवाचं कापड दिसतंय." भटजींनी पुन्हा सांगितलं. हिचं पुन्हा कापड. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला, पंगती खोळंबल्या. शेवटी पद्माकरराव भटजींना म्हणाले, "पेंडिंग ठेवा. मी नंतर दाखवतो."

आणि दाखवली. आर. के. पुरमला उन्हाळ्यात लाइट गेली की माणसं गाद्या घेऊन गच्चीवर यायची. तेव्हाच्या दिल्लीत लाइट गेली की आकाश यायचं. त्यांनी तिला उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. ध्रुव दाखवला, सप्तर्षी दाखवले, सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटलेली बारीकशी अरुंधती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "हां. आता दिसली." शेजारच्या गादीवरून मी ऐकत होते. लग्न खरं तर तेव्हा पुरं झालं, असं मी त्यांना चिडवायची.

तर अशा ह्या प्रभाच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. तो दुखत नाही, खुपत नाही. कडांकडून गुपचूप आत सरकत येतो. ती दाराच्या चौकटींना धडकायला लागली, ताटातली डावीकडची चटणी तिला दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टर गाठला. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि आत कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मग कागद निघतो. तिच्या कागदावर सगळीकडे काळं आणि मधोमध थोडं पांढरं. ऑपरेशन झालं, थेंब सुरू झाले. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळायचं, आणि ते किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

"म्हणजे नेमकं कसं दिसतं गं तुला?" मी तिला विचारलं. तिने हातातली बांगडी काढून माझ्या डोळ्यासमोर धरली. "ह्यातून बघ. बाकी काही बघायचं नाही." मी पाहिलं. मला तिचं नाक तेवढं दिसलं.

त्या दिवाळीत आम्ही तिघं त्यांच्या बाल्कनीत चहा पीत बसलो होतो. समोर नेहमीचा राखाडी धूर, पलीकडची इमारतसुद्धा धड दिसत नव्हती. प्रभा सहज बोलावं तसं म्हणाली, "अंधार पडला की मला आता काहीच दिसत नाही. तारे शेवटचे कधी पाहिले तेही आठवत नाही. आणि दिसले असते तरी बांगडीत एका वेळी एकच मावणार. सगळं आकाश एकदम कसं दिसतं ते विसरायला झालंय, यार."

पद्माकररावांनी कप खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी माझं दार वाजवून म्हणाले, "विनयाताई, खिडकी मोठी होत नसेल तर आपण आकाश लहान करू."

त्यांचं म्हणणं असं होतं. कॅमेऱ्याला वाइड अँगलची लेन्स लावली की डोळ्यांत मावत नाही एवढं आकाश एका फोटोत येतं. तो फोटो पोस्टकार्डाएवढा छापायचा, दिवसाउजेडी हात लांब करून धरायचा, की प्रभाच्या बांगडीत सगळं बसेल. त्यांचा मुलगा मानस टोरांटोला जाताना त्याचा चांगला कॅमेरा घरी ठेवून गेला होता. अडलं होतं ते फक्त लेन्सपाशी.

जन्मात पहिल्यांदा मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. मी म्हटलं, "मग उद्याच आणा."

"उद्या? लेन्स आहे विनयाताई, दुधी नाही."

"दुधी तरी कुठे आणता?" मी म्हटलं.

आणि लेन्सचं टेंडर निघालं. चांदणी चौकातल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मेट्रोने जायचे, तीन दुकानं करायचे, मेट्रोने परत. एक लेन्स चौदा मिलिमीटरची, एक सोळा ते पस्तीसची, एक चोवीसची. आकडा जितका लहान तितकं आकाश मोठं, एवढं मला समजलं. मग ते म्हणाले की रात्रीच्या कामाला लेन्सचं भोकही मोठं हवं, म्हणजे उजेड जास्त शिरतो, आणि त्या भोकाचाही आकडा लहान असला म्हणजे भोक मोठं असतं. मी म्हटलं, हे तुमच्या खात्यासारखंच दिसतंय, सगळं उलटं. त्यांना हसूसुद्धा आलं नाही. सोळा-पस्तीसची सोयीची, पण भोक लहान. चोवीसचीत उजेड भरपूर, पण आकाश कमी. चौदाचीत आकाश भरपूर, पण कडा वाकतात आणि फोकस हाताने करावा लागतो. ह्या वयात अंधारात हाताने फोकस? मग त्यांनी मानसला विचारलं. गुरुग्रामची काही तरुण मंडळी तारे टिपायला डोंगरात जातात, त्यांच्या ग्रुपमध्ये शिरून त्यांना विचारलं. इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारलं.

डिसेंबर असा गेला. जानेवारीत त्यांना नवीन शोध लागला. चौदाच्या लेन्समध्ये कोपऱ्यातले तारे ठिपके न राहता पाखरांसारखे पंख काढतात म्हणे. झालं! कोपरे कुठल्या लेन्सचे चांगले, ह्यावर आणखी महिना. वेगवेगळ्या लेन्सचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून ते नुसते कोपरे बघत बसायचे. एक दिवस माझा संयम सुटला.

"अहो पद्माकरराव, तिला कोपरे दिसतच नाहीत! तुम्ही कुणासाठी कोपरे बघताय?"

स्वयंपाकघरातला मटार सोलण्याचा आवाज थांबला. प्रभा आत होती हे मी विसरले होते. पद्माकरराव स्क्रीनवरून नजर न काढता हळूच म्हणाले, "फोटो लहान छापला की कोपरेही मधेच येतात, विनयाताई. तिला दिसतील. तिला सगळं दिसायला पाहिजे."

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. माणूस आळशी असता तर मी त्याला सरळ केला असता. हा तर जीव तोडून उशीर करत होता.

होळी झाली. दुकानदारही कंटाळला. "अंकल जी, आपने सर्दी में पूछना शुरू किया था, अब तो कूलर निकल आए," असं तो म्हणाल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं, वर पुन्हा त्यात काही लागण्यासारखं आहे हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मग एप्रिलमध्ये प्रभाची तपासणी झाली. पुन्हा ते यंत्र, पुन्हा बटण, पुन्हा कागद. मधलं पांढरं निम्म्यावर आलं होतं. परतताना रिक्षात प्रभा म्हणाली, "आता तान्ह्या बाळाची बांगडी." पद्माकररावांनी तिला घरी सोडलं, पाणीही न पिता चांदणी चौक गाठला आणि संध्याकाळी चौदाची लेन्स घेऊन आले.

लेन्स देखणी होती. पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर फुगलेली. प्रभाने ती मांडीवर घेऊन चाचपली. पद्माकरराव तिला आकाशगंगेबद्दल सांगत होते, गुरुग्रामची मुलं काय म्हणाली, कुठे जायचं, किती सेकंद शटर उघडं ठेवायचं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आकाशगंगा चांगलीच," ती म्हणाली. "पण अहो, अरुंधती यायला हवी हं."

"अगं, चौदाची आहे!" ते म्हणाले. "सगळंच येणार."

दिल्लीत राहून तारे मिळायचे नाहीत, चंद्र असला तरी मिळायचे नाहीत. म्हणून वैशाखातली अमावास्या धरून ते त्या मुलांबरोबर उत्तराखंडात चक्रात्याच्या वरच्या एका गावाला निघाले. निघताना त्यांचा पाय निघेना. प्रभाने त्यांना अक्षरशः लिफ्टमध्ये ढकललं. "जा हो. विनया आहे ना इथे. चलो, निघा!" दोन दिवसांचाच प्रश्न होता. मी तिच्याकडे झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करून आणला. बाल्कनीचं दार उघडं होतं, मे महिन्याचं ऊन थेट तिच्या मांडीवर पडलं होतं. तिने कपासाठी हात पुढे केला आणि तो कपाच्या बाजूने निघून गेला. मला वाटलं, झोपेत आहे. तेवढ्यात तिने विचारलं, "विनया, आज अजून उजाडलं कसं नाही गं?"

माझ्या हातून बशी पडली. तिने तो आवाज ऐकला, मांडीवरच्या उन्हावर हात ठेवला, आणि तिला समजलं. ओरडली नाही, काही नाही. नुसती त्या उन्हावरून हात फिरवत राहिली.

आम्ही इस्पितळात गेलो. डोळ्यांतला दाब वाढला होता. थेंब घातले, सलाइन लावलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. तरुण डॉक्टरीण होती, फार जपून बोलली. पण अर्थ एकच होता. वरातीमागून घोडं म्हणतात ना, ते असं असतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नसतं. इस्पितळाच्या बाकावर बसून मी पद्माकररावांना फोन लावत होते आणि डोंगरात फोन लागत नव्हता. प्रभाने माझा हात दाबला.

"लावू नकोस. ह्यांना फोटो काढू दे."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर आधी फोटो दाखवू दे. मग सांगीन मी. तू मध्ये बोलायचं नाहीस, शपथ आहे तुला." ती पुढे म्हणाली, "दिवाळीपासून खपतायत गं ते."

त्यानंतरच्या दिवशी ते आले. बस आनंद विहारला पोचली तेव्हा घरी न येता ते आधी लक्ष्मीनगरला जाऊन, समोर दिसेल त्या पहिल्या स्टुडिओतून फोटो छापून आले होते. तीन दुकानं फिरले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच. दार मी उघडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल, नाक उन्हाने सोललेलं, आणि चेहरा असा की दहावीत पहिला आलेला पोरगा. बूट काढता काढताच सांगायला लागले, "विनयाताई, काय आकाश! आम्ही सगळे दक्षिणेला तोंड करून उभे. समोर वृश्चिक, धनू, आकाशगंगा डोंगरातून वर येतेय. मग ढग यायला लागले, पण मी जागचा हललो नाही. मागे वळून बघायलासुद्धा सवड नव्हती!"

प्रभा बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस विंचरून, चष्मा लावून. त्यांनी पोस्टकार्डाएवढा फोटो तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे केला, हात लांब केला, ठरल्याप्रमाणे. मी तिच्या मागे उभी होते, मलाही फोटो दिसला. खाली डोंगराची काळी रेघ, आणि वर तारे, तारे, तारे. त्यांच्यामधून दुधाचा ओघळ गेल्यासारखी आकाशगंगा. कोपरेसुद्धा स्वच्छ आले होते. इतकं सुंदर काही मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

तिने फोटो बराच वेळ तसाच धरला. डावीकडून उजवीकडे हळूहळू मान फिरवली.

"अहो," ती म्हणाली, "सगळं आलंय की हो. सगळं आकाश."

पद्माकरराव हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिथे ती थांबली असती तर सगळं निभावलं असतं. पण खोटं बोलायची सवय नाही ना! नवशिक्या माणसाचं जे होतं तेच झालं, मीठ जास्त पडलं.

"आणि अरुंधती!" ती म्हणाली. "वसिष्ठाच्या शेजारी. दिसली मला."

पद्माकररावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडे. आर. के. पुरमच्या गच्चीवर झोपलेल्या कुणालाही कळेल एवढी साधी गोष्ट होती. सप्तर्षी उत्तरेला असतात. रात्रभर ते त्यांच्या पाठीमागे होते. तिने मागितलेली एकच गोष्ट त्यांच्या पाठीमागे होती. मी शपथेला बांधलेली, मान खाली घातली. तेवढं पुरलं.

त्यांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"दिसणारच," ते म्हणाले. "उगाच का एवढी शोधून आणली लेन्स?"

आवाज अगदी नेहमीचा होता. तो त्यांनी कुठून आणला, देव जाणे.

प्रभाने नंतर त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते चहाचा कप तिच्यासमोर न ठेवता तिच्या हातात द्यायला लागले, आणि तिने तो घेतला. औषधांची वेळ, इस्पितळाच्या तारखा, सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला एकदाच, लिफ्टची वाट बघताना, म्हणाले, "नुसतं वळायचं होतं, विनयाताई. तिथल्या तिथे." मी त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली. तीत दुधी होता.

कॅमेरा कपाटात गेला, लेन्स तिच्या डब्यात. फोटो मात्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. गणपतीत त्यांच्याकडे मंडळाची माणसं आरतीला येतात. आरती झाली की प्रभा आपल्या खुर्चीतून हाक मारते, "विनया, ह्यांनी काढलेलं आकाश दाखव ना सगळ्यांना. अरुंधती कुठे आहे ते बोट लावून दाखव."

मी फ्रेमजवळ जाते. कुठल्या तरी एका ताऱ्यावर बोट ठेवते. पद्माकरराव प्रसादाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे असतात, ते पुढे येत नाहीत. माणसं चष्मे सावरत वाकून बघतात.

"दिसली का?" प्रभा विचारते.

"दिसली, दिसली," सगळे म्हणतात, आणि जेवायला वळतात.